तीन बाय दोनचं रान

उदगीरच्या पेठेत गुलाम रसूल पेंटरला त्या साली मान वर करायची फुरसत नव्हती. लातूर हा नवा जिल्हा झाला आणि गावातल्या झाडून सगळ्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ एका दिवसात शिळं झालं. पिठाच्या गिरणीपासून शाळेपर्यंत जो तो त्याच्या दारात उभा. तेवढा एक शब्द खरवडायचा आणि ‘लातूर’ लिहायचं. एखादी फार जुनी पाटी खरवडताना आतून ‘जि. बिदर’सुद्धा निघे, आणि ते अक्षर रसूलच्या वडिलांचं असे. मग तो गिऱ्हाइकाला मुद्दाम बोलावून दाखवायचा. “बगा, दुकान जागचं हललं न्हाई आन् तीन जिल्हे फिरून आलं.” गिऱ्हाईक हसायचं आणि आपलं काम आज होईल की उद्या, ते विचारायचं.

पावसाला मात्र जिल्हा बदलल्याचं कुणी कळवलं नसावं. तो जुन्यातही आला नव्हता आणि नव्यातही आला नाही. मृग कोरडा गेला, हस्तानं तोंड दाखवून पाठ फिरवली, आणि दसऱ्यानंतर रब्बीची पेर करावी तर जमिनीत बोटभर ओल नव्हती. आडतीत एरवी पोत्यांच्या थप्प्यांमधून अंग चोरून जावं लागे. तिथं आता हमाल भरदुपारी ऐसपैस झोपलेले दिसायचे.

रसूलच्या समोरच मल्लिकार्जुनअप्पाचं कापडाचं दुकान होतं. दुकानाला लागून खोली, खोलीला रस्त्याकडे खिडकी, आणि खिडकीशी खाटेवर त्याची आई नीलाबाई. सगळी पेठ तिला अव्वा म्हणायची. दसऱ्याला न्हाणीत पाय घसरला आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती त्या खाटेला खिळली होती. देवणीच्या वाटेवर तिचं बारा एकर रान होतं. नवरा गेल्यावर बाईनं ते एकहाती सांभाळलं, पोराला दुकान घालून दिलं, पण स्वतः दुकानात कधी बसली नाही. कापडाला मातीचा वास येत नाही, अशी तिची तक्रार असे.

आणि आता येळवस आठ दिवसांवर आली होती. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे त्या मुलखाचा मोठा सण. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं माणूस डोक्यावर टोपलं घेऊन रानात जातं, तिथंच पूजा, तिथंच जेवण. ज्याला रान नाही त्याला दहा घरची बोलावणी असतात. नीलाबाई लग्न होऊन आल्यापासून बावन्न येळवशी रानात गेली होती. एक चुकलेली नव्हती.

एका सकाळी तिनं खिडकीतून हाक मारली. “रसूल, तुला चित्र येतं का रं, का नुसती अक्षरंच?”

रसूलला ते जरा झोंबलं. “अव्वा, नांदेडला चार साल शिनेमाचे बोर्ड रंगवलेत मी. एकेक तोंड पंधरा फुटाचं.”

“तोंड नको मला. माजं रान काढ. आमोशाला मला नेता येत न्हाई म्हनतेत हे. माणूस रानाकडं जाईना, तर रानानं माणसाकडं यावं. तिथं जाऊन बस आन् जसं हाय तसं काढ. माजं मन राखू नको.”

“हाव अव्वा,” रसूल म्हणाला.

पायरी उतरतो तोच मल्लिकार्जुननं त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. चाळिशीचा, भला माणूस. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “रसूलभाई, अव्वाला मी सांगितलंय पेर झाली म्हनून. ज्वारी गुडघ्याला लागली म्हनलोय. पडीक रान कळलं तर बाई हाय खाईल. डॉक्टरबी म्हनले, जिवाला लागंल असं बोलू नका. तवा चित्र हिरवंगार पायजे.”

“हाव अप्पा,” रसूल म्हणाला.

एका सकाळी एकाच कामासाठी दोघांना हाव म्हणून झालं, आणि रसूलला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. आणि हिरवा करायला पिवडी आणि नीळ लागते, ती दोन्ही घरात होती.

त्यानं मल्लिकार्जुनच्याच दुकानातून मांजरपाट घेतलं, तीन बाय दोनच्या चौकटीवर ताणून ठोकलं, वर सरस आणि सफेद्याचा हात दिला. पाट्यांचे डबे त्यानं घेतले नाहीत. नांदेडच्या उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे पिवडी, गेरू, नीळ, काजळी असल्या भुकट्या घाण्यावरच्या जवसाच्या तेलात घोटून डब्या भरल्या. वीस वर्षांनी तेलाचा तो वास हाताला लागला तेव्हा त्याला उगाच तरुण झाल्यासारखं वाटलं. चौकट सायकलला बांधून तो देवणीच्या वाटेला लागला.

रानात सालगड्याची बायको सरजाबाई होती. नवरा रोजगार हमीवर खडी फोडायला जायचा आणि ही कोठ्यातल्या दोन बैलांपाशी राहायची. रसूलनं बाभळीखाली बस्तान मांडलं, चौकट दगडांना टेकवली आणि कामाला लागला. हात सराईत होता. वर निळं आभाळ, मधे दोन डोंगर, डोंगरांमधून उगवणारा सूर्य, खाली हिरव्यागार शेताचे पट्टे, डावीकडे झोपडी, उजवीकडे वाकलेलं नारळाचं झाड. दोन तासांत सगळं झालं. एवढ्या वेळात त्यानं समोर पाहिलं असेल तर तीनदा, तेही सरजाबाईनं पाणी आणलं म्हणून.

सरजाबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ चित्र पाहत राहिली. “लई झ्याक हाय,” ती म्हणाली. “पर हे रान कुणाचं म्हनायचं?”

“हेच की. अव्वाचं.”

“मग ह्यो नारळ कुठंय?” तिनं खरंच मान वळवून शोधलं. “आन् डोंगर?”

रसूलनं समोर पाहिलं. डोंगर नव्हता. उदगीरपासून देवणीपर्यंत नारळाचं एक झाड नव्हतं. सूर्य त्याच्या पाठीवर होता. तो हसला, पण हसता हसता त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तीस वर्षं त्यानं दुकानांच्या शटरवर, रिक्षांच्या पाठीवर, लग्नाच्या मांडवात हेच एक रान काढलं होतं, आणि नांदेडला जे काढलं ते फोटोवर चौकटी आखून. समोर बसून, समोरचं पाहून त्यानं जन्मात काही रंगवलं नव्हतं. उस्तादांनी कधी सांगितलं नाही आणि गिऱ्हाइकांनी कधी मागितलं नाही.

त्यानं पत्र्याच्या खरवडणीनं सगळं चित्र खरवडून काढलं. मांजरपाटावर एक राखाडी ओशट फराटा उरला. मग तो हात पुसून नुसता बसला.

आधी त्याला काहीच दिसलं नाही. पडीक, करपलेलं, भेगाळलेलं रान, दुसरं काय? काजळीत थोडा गेरू मिसळला की झालं, असं त्याला वाटलं. मग ऊन थोडं कलंडलं. आपण ज्याला काळं म्हणत होतो ते काळं नाहीच, हे त्याच्या लक्षात आलं. जवळच्या ढेकळांवर वांग्याच्या सालीसारखी जांभळी झाक होती. पलीकडं तीच माती राखेसारखी पांढुरकी होत गेली होती. भेगांच्या आत मात्र निळा अंधार होता, चांगला गडद निळा, आणि भेगेच्या प्रत्येक काठावर उन्हाची केशरी रेघ होती. दिसल्या तेवढ्या भेगा त्यानं पाहिल्या. एकही रेघ चुकलेली नव्हती.

“सरजाबाई, त्या बांधापाशी रंग का बदलला?”

“तिथून चिबड संपतं की. तिथवर पानी धरून ठेवती माती. पल्याड मुरमाड. त्याच्याबी पल्याड भुरकी.” ती सहज सांगत गेली, घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी. “हिरीकडच्या अंगाला खारवट हाय. सकाळच्याला ये, मीठ सांडल्यावानी दिसतं.”

रसूल दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला पोचला. खरोखर विहिरीकडची पट्टी पांढरी चमकत होती. आणि मग सूर्य वर आला. मुरमाडाचा उतार एका क्षणात पेटला, तांबड्याचा गुलाबी झाला, गुलाबीचा पिवळा, आणि बांधावरच्या वाळून काड्या झालेल्या गवताला सोनं म्हणायचीही सोय राहिली नाही, इतकं ते उजळलं. पाण्याचा थेंब नाही, हिरवं पान नाही, बारा एकरात दाणा नाही, आणि हे सगळं रोज सकाळी असं होत होतं. कुणासाठी? बघायला तर एक सरजाबाई आणि दोन बैल. रसूलच्या हातातली कुंचली तशीच राहिली आणि तोंडून हलकेच ‘सुभानल्ला’ गेलं. मशिदीत तो शब्द त्यानं हजारदा म्हटला होता. तिथं तो अंगावर काटा आणत नसे.

त्याला भीतीही वाटली. एवढं मोठं, एवढं जिवंत असं काही आपल्या डोळ्यांसमोर पन्नास वर्षं होतं, आणि आपण खाली मान घालून ‘जि. लातूर’ लिहीत बसलो.

पुढचे पाच दिवस तो कामाचा राहिला नाही, असं त्याची बायको कमरुन्निसा म्हणायची. दुकानात अर्धवट पाट्या भिंतीला टेकून होत्या आणि गिऱ्हाइकं आल्या पावली परत जात होती. तो अंधारात निघायचा आणि संध्याकाळी यायचा, दाढीला रंग, नखात रंग, डोळे लाल. रानात तो एक ढेकूळ धरायचा आणि त्याच्याशी झटायचा. जांभळा साधला तर ऊन पुढं सरकलेलं. मग त्यानं नेमच केला, सकाळचं सकाळी, दुपारचं दुपारी, आणि उन्हाशी झोंबायचं नाही. आभाळ त्यानं सर्वांत शेवटी केलं, कारण ते निळं नव्हतं. खाली क्षितिजाशी ते ताकासारखं होतं. तो रंग जमला तेव्हा त्यानं सरजाबाईला बोलावलं.

ती या वेळी हसली नाही. तिनं चित्रातल्या चिबडाच्या टोकाकडं बोट नेलं आणि ओला रंग आहे हे कळून मागं घेतलं. “हितं मागच्या साली बैल रुतला होता,” ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून कोठ्याकडं गेली.

अमावस्येच्या आदल्या दुपारी मल्लिकार्जुन मोटारसायकलवर आला. चित्रासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. “हे काय केलं, रसूलभाई? मी काय बोललो होतो?”

“हिरवं बोलले होते.”

“मग? हे अव्वाला दाखवू मी? तिचं रान मसनवाटा झालं म्हनून?” त्याचा आवाज चढला, मग त्यालाच ओशाळं वाटलं. “अजून उजेड हाय. वरून ज्वारी काढा. तुमाला काय अवघड हाय?”

अवघड नव्हतंच. रसूलनं पिवडीत नीळ घोटली, हिरवा झाला. कुंचली भरली, चित्रापाशी नेली. डोळे मिटूनही त्याला ज्वारीची रांग काढता आली असती. चिबडावर नेमका कुठं पहिला फटकारा मारावा म्हणून त्यानं समोर रानाकडं पाहिलं, आणि हात खाली आला.

“अप्पा, तुमी दसऱ्यापासून ह्या रानात आला न्हाईत,” तो शांतपणे म्हणाला. “दोन मिनटं बगा की. मग सांगा.”

“मला बगवत न्हाई,” मल्लिकार्जुन म्हणाला. हे त्यानं खरं सांगितलं. रानाकडं पाठ करूनच तो गाडीवर बसला. “असलं चित्र माझ्या उंबऱ्याच्या आत आणू नका. अव्वाला मी सांगतो, जमलं न्हाई म्हनून.”

येळवशीच्या सकाळी पेठ ओस पडली. बैलगाड्या, ट्रक, सायकली, सगळं रानाकडं गेलं. दुष्काळ असला म्हणून काय झालं, ज्यांच्या रानात काडी नव्हती तेही भाज्या-डाळींच्या भज्जीचं भांडं आणि आंबिलीचा बिंदगा, म्हणजे छोटी घागर, घेऊन गेले. मल्लिकार्जुनचं घर तेवढं अव्वासाठी मागं राहिलं, आणि समोर रसूल. चित्र त्यानं दुकानात भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. कच्च्या तेलामुळं ते अजून ओलंच होतं.

“रसूल,” खिडकीतून हाक आली. “रान आलं का रं?”

रसूल दुकानाच्या पायरीवर आला. समोरच्या दारात मल्लिकार्जुन उभा होता, हातात पूजेचं ताट. रस्त्याच्या दोन काठांवरून दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

“आलं का न्हाई?” अव्वानं पुन्हा विचारलं. “दिस वर आला.”

वर्षाच्या सणाला आईशी खोटं बोलायचं मल्लिकार्जुनच्या जिवावर आलं असावं. त्यानं ताट खाली ठेवलं आणि मान हलवली. “आणा,” तो एवढंच म्हणाला.

रसूलनं चित्र दोन्ही हातांनी कडेला धरून खोलीत आणलं आणि खाटेच्या पायथ्याशी, अव्वाच्या डोळ्यांसमोर उभं धरलं. ते धरून तो अंग चोरून मागं उभा राहिला. त्याला तिचा चेहरा दिसत होता आणि तो न दिसता तर बरं, असं वाटत होतं. आपण एका म्हाताऱ्या बाईला मारायला निघालोय की काय? पाट्या लिहिणाऱ्या माणसानं कुठं थांबावं हे आपल्याला कळलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

अव्वा बघत राहिली. तिची नजर चिबडावरून बांधावर गेली, बांधावरून मुरमाडावर, तिथून विहिरीकडं, पायानं चालत जावी इतक्या सावकाश. खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरला.

“पेरलं न्हाई,” ती म्हणाली.

मल्लिकार्जुननं खाली पाहिलं. “ओल नव्हती, अव्वा.”

“दिसतंय मला. चिबडात एवढ्या भेगा म्हनल्यावर ओल कुठली असायची.” ती रागावली नव्हती. तिचा आवाज उलट मऊ झाला होता. “आन् तू मला दोन म्हैने पेर झाली, गुडघाभर ज्वारी झाली, सांगितलंस. मी हितं पडल्या पडल्या म्हनायची, चला, आपल्याबिगर रान पिकलं. आता आपलं काय काम राहिलं? रोज रातीला देवाला म्हनायची, ने बाबा आता.” तिनं पुन्हा चित्राकडं पाहिलं. “आन् हे हितं असं उपाशी पडलंय. माजं लेकरू उपाशी पडलंय आन् मी जायाच्या गोष्टी करून राहिले.”

मल्लिकार्जुन खाटेच्या कडेला मटकन बसला. रसूलनं चौकट घट्ट धरली.

“मला उठवून बसव,” अव्वा लेकाला म्हणाली. “आन् आंबिलीचा बिंदगा आण.”

जेवणं झाल्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन घरच्या माणसानं रानाच्या चारी बांधांवरून चालायचं, पानांच्या डहाळीनं ती आंबील रानावर शिंपायची आणि हाळी द्यायची, ही त्या दिवसाची रीत. रानालाही जेवू घालायचं. मागून चालणाऱ्यानं हाळीला जाब द्यायचा असतो. अव्वाला जेवणापर्यंत धीर नव्हता. मल्लिकार्जुननं तिला पाठीशी लोड देऊन बसवलं, बिंदगा मांडीशी धरला. तिनं डहाळी बुडवली आणि उचलली.

रसूलचा हात आपसूक चित्राच्या आड आला. ओला रंग होता. ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील त्यावर पडली तर डाग कायमचा राहील, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आयुष्यात पाहून काढलेलं हे एकच चित्र होतं, आणि असं दुसरं होईल याची त्याला खात्री नव्हती. अव्वानं डहाळी तशीच वर धरली आणि त्याच्याकडं पाहिलं. तिला त्याचा हात का आडवा आला ते समजलं नाही. तिच्यासमोर चित्र नव्हतंच.

रसूलनं हात काढून घेतला.

“होलगे होलगे,” अव्वानं हाळी दिली, आणि थेंब चिबडावर पडले. तेलावर ते क्षणभर उभे राहिले, मग पिठाची पांढरी रेघ मागं ठेवत भेगांवरून घरंगळले.

जाब कुणी दिला नाही. मल्लिकार्जुननं बिंदग्यावर मान खाली घातली होती. अव्वा डहाळी धरून थांबली. जाब आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही.

“सालम पोलगे,” रसूल म्हणाला. आपला आवाज इतका मोठा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

अव्वानं मान डोलावली आणि डहाळी पुन्हा बुडवली. चिबडाचा बांध झाला, मुरमाडाचा झाला. दर हाळीला रसूल जाब देत होता, आणि त्याच्या मनगटावरून आंबील आणि रंग मिळून कोपरापर्यंत ओघळत होते. ते त्यानं पुसले नाहीत.

“आता हिरीकडचं अंग कर,” अव्वा म्हणाली.

विहिरीकडची बाजू तिच्याजवळ येईल असं रसूलनं चित्र फिरवून धरलं.